अ‍ॅव्हरेजला तोड नाही

...आणि त्यातून पुन्हा भेटेल तो मलाच विचारतो, ‘काय चारुदत्त, गाडी किती देते?’ अहो, बाकी काही विचाराल की नाही? मराठी माणसानं नवीन गाडी घेतली की दुसरा मराठी माणूस रंग विचारत नाही, ब्रेक विचारत नाही, ‘बायको खूश आहे का’ हे तर कुणाच्या बापजन्मी विचारत नाही. चाकाला एक लाथ मारतो, बॉनेटवर थाप मारतो आणि डोळे बारीक करून... ‘किती देते?’ झालं! माझंही तसंच झालं हो. किती देते, किती देते करत मी गाडी घेतली, आणि आता जे काही भोगतोय ते तुम्हाला सांगतो, हसायचं नाही. म्हणजे हसा, सगळेच हसतात. पण एक आधीच सांगून ठेवतो, काय वाट्टेल ते म्हणा, माझ्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजला तोड नाही!

सुरुवात कशी झाली? दोन हजार आठचा उन्हाळा. पेट्रोल, इथल्या भाषेत गॅस, असं भडकलेलं की आमच्या एडमंटनमध्ये, जिथे तेल जमिनीतून निघतं, तिथेसुद्धा लोक पंपावर उभं राहून आकड्याकडे बघत उसासे टाकायचे. आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या सुनेत्रानं एका सकाळी चहा ढवळत सांगितलं, ‘चारू, तिसरं येतंय.’ मी म्हटलं, कुणाचं? पार्सल? ...तर तसं नव्हतं. आधीच्या दोन, ईशानी साडेचार वर्षांची, ऊर्मी जेमतेम एक वर्षाची, आणि आता हे तिसरं, जानेवारीत! एडमंटनच्या जानेवारीत माणूस कचरा टाकायला बाहेर जात नाही, आणि आमचं बाळ थेट जगात येणार!

आता सुनेत्राचं म्हणणं काय होतं बघा. ती म्हणाली, ‘मला दागिना नको, काही नको. ईशानीच्या वेळी आपल्याकडे गाडीच नव्हती, टॅक्सीतून आणलं तिला. ऊर्मीच्या वेळी ती जुनी दोन दारांची, तू बाळ घेऊन पुढे आलास आणि मी नि ईशानी मागाहून बसनं. या वेळी मला एकच हवंय. हॉस्पिटलमधून बाळाला घरी आणताना आपण सगळे एका गाडीत पाहिजे. मी, तू, तिन्ही मुलं. एका गाडीत.’ आणि हे बोलताना तिचे डोळे भरून आले हो. मीही भारावलो. म्हटलं, सुनेत्रा, शब्द दिला! पाच माणसं, पाच सीटा. ह्यात अवघड काय आहे?

तर आमचा राजन. राजन म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार, माझा मित्र, आणि एका प्रचंड मिनीव्हॅनचा मालक. तो म्हणाला, ‘चारू, शहाणा असशील तर व्हॅन घे. तीन पोरं आहेत, वेडेपणा करू नको.’ मी हसलो. अहो, का हसलो? कारण व्हॅनवाल्या माणसाचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत! ज्या दिवशी राजननं व्हॅन घेतली त्या दिवसापासून ती त्याची राहिलीच नाही, मंडळाची झाली. ‘राजन, गणपती आणायचाय रे.’ ‘राजन, पेटी आणि तबला पोचवशील का?’ ‘राजन, माझे मावसकाका टोरांटोहून येतायत, फक्त पाच बॅगा आहेत.’ ‘राजन, दोनशे बटाटेवडे...’ त्या व्हॅनमध्ये बसलं की अजून वड्यांचा वास येतो! आणि वर पेट्रोल? पितेच! म्हणून मी त्याच्याच घरी, पन्नास माणसांच्या देखत, हातात त्याच्याच श्रीखंडाची वाटी घेऊन जाहीर केलं, ‘हा चारुदत्त आयुष्यात मिनीव्हॅन घेणार नाही!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी घात केला बघा. टाळ्या पडल्या की माणसाला शब्द मागे घेता येत नाही.

मग सुरू झाला शोध. मी इंजिनियर माणूस, पाइपलाइनच्या कंपनीत काम करतो, प्रेशर ड्रॉप काढतो, मी काय उगीच गाडी घेणार? तीन महिने इंटरनेटवर नुसता तुटून पडलो होतो. सुनेत्रा रात्री म्हणायची, ‘चारू, झोप आता.’ मी म्हणायचो, ‘थांब, ही हायवेला जास्त देते पण सिटीत मार खाते.’ शेवटी सापडली! जपानी, छोटी, निळी, पाच दारांची. नाव सांगत नाही, बिचारीचा काही दोष नाही. शंभर किलोमीटरला सहा लिटर! मी आनंदानं पुण्याला बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, ‘किती देते?’ मी म्हटलं, ‘बाबा, सहा!’ बाबांनी रिसीव्हर बाजूला धरला. मग आईला सांगताना ऐकू आलं, ‘अगो, कॅनडात जाऊन सहा देणारी गाडी घेतोय. सहा! आपल्या नानाची रिक्षा पंचवीस देते.’ मी ओरडतोय, अहो बाबा, इथे उलटं असतं, आकडा कमी तेवढं चांगलं! तर बाबा म्हणाले, ‘तुझ्या दहावीच्या मार्कांसारखं का?’ पण मी मनात म्हटलं, म्हणा काय म्हणायचं ते, अ‍ॅव्हरेजला तोड नाही!

आता खरी गोष्ट ऐका. टेस्ट ड्राइव्हला निघालो तर सुनेत्रा म्हणाली, ‘मुलींच्या कारसीट घेऊन जा, आणि ऊर्मीची ती लहानपणीची सीट बेसमेंटमध्ये आहे ती पण घे. तिन्ही लावून बघ.’ बायकोनं एवढं स्पष्ट सांगितलं! मराठीत सांगितलं! आणि मी काय नेलं? बॅगा! हो, हसू नका... दोन मोठ्या, इंडियाला न्यायच्या बॅगा! अहो, आपण गाडी बघायला गेलो की पहिली काय बघतो? डिकी! एअरपोर्टच्या बॅगा मावतात की नाही! बायका-पोरं काय, कुठेही मावतात, मांडीवर घेता येतात, पण बॅग मांडीवर घेता येते का? तो शोरूमचा सेल्समन पंजाबी होता, मिकी म्हणायचे त्याला. मी रिकाम्या बॅगा घेऊन आत शिरलो तर घाबरून बाजूला घेऊन म्हणतो, ‘भाईसाब, सब ठीक तो है ना? भाभीजी से झगडा हुआ क्या?’ म्हटलं, नहीं यार, डिकी देखनी है! बॅगा टाकल्या. मावल्या! एकीवर एक, सुरेख! मग पुढे बसलो. मी सहा फूट एक इंच. ड्रायव्हरची सीट रेटली पार मागे, पाय पसरले, म्हटलं वा वा वा, काय लेगरूम आहे! मागे कोण बसणार आहे ह्याचा विचार? छे! मागे त्या वेळी कुणी नव्हतंच ना!

आणि सीटा का नेल्या नाहीत म्हणाल, तर त्यालाही कारण आहे. अगदीच बिनडोक नाही मी. मोठ्या दोघींच्या सीटा जुन्या गाडीला बांधलेल्या होत्या, त्या सोडवायचा कंटाळा. हे एक. आणि बाळाची सीट... तिथे आमच्या सासूबाई आल्या. नागपूरहून, फोनवर. सुनेत्रा सहज बोलून गेली, ‘आई, चारू बाळाची सीट लावून बघतोय गाडीत.’ बस्स! सासूबाई कडाडल्या, ‘बाप्पा! काय करून राहिले जावईबापू? बाळ यायच्या आधी बाळाची वस्तू काढायची नसते जी! रिकामा पाळणा कोणी हलवते का?’ सुनेत्रा म्हणते, ‘अगं आई, पाळणा नाही, कारसीट आहे.’ तर म्हणाल्या, ‘त्यात बाळच ठेवता ना? मंग पाळणाच झाला तो. राहू दे खाली. बाळ आलं की काढा.’ आता मी, पाइपलाइनवाला, विज्ञानवाला, एरवी अशा गोष्टींवर तासभर व्याख्यान देणारा... गप्प बसलो! का? कारण सोयीचं होतं! म्हटलं, मोठ्यांचा मान राखला पाहिजे.

पण मोजमाप मात्र केलं हं! बेसमेंटमध्ये जाऊन खोक्यातली सीट खोक्यातच ठेवून टेपनं मोजली. रुंदी. मग दुसऱ्या दोघींची रुंदी. तिघींची बेरीज केली, गाडीच्या मागच्या सीटची रुंदी वजा केली, अर्धा इंच शिल्लक! सुनेत्राला सांगितलं, ‘बसतात. गणित केलंय.’ ती म्हणाली, ‘नक्की?’ मी म्हटलं, ‘गणित खोटं बोलत नाही.’ गणित खोटं बोललं नाही हो. गणितानं रुंदी सांगितली. लांबी मी विचारलीच नाही.

गाडी आली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर... काय सांगू! ऊर्मीची सीट मधोमध, ईशानी कडेला, मी पाय पसरून ऐटीत. राजनच्या व्हॅनशेजारी मुद्दाम पार्क करायचो आणि मुद्दाम विचारायचो, ‘राजन, या आठवड्यात किती वेळा भरलंस?’ तो बिचारा वडे उतरवत असायचा.

डिसेंबरमध्ये सासूबाई आल्या, बाळंतपणासाठी, सहा महिन्यांच्या व्हिसावर, डिंकाचे लाडू घेऊन. बाहेर उणे अठ्ठावीस. त्यांनी बघितलं तर मी गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर भिंतीतल्या प्लगला जोडतोय. आता तुम्हाला माहितीय, इथे रात्री इंजिनाला गरम ठेवलं नाही तर सकाळी ते उठतच नाही. पण सासूबाई म्हणाल्या, ‘अगं बाई, गाडी चार्जिंगवर चालते? मंग पेट्रोल कायले टाकता?’ मी समजावलं. त्यावर, ‘म्हणजे रात्रभर वीज खाते, सकाळी अर्धा तास उभ्या उभ्या पेट्रोल खाते, अन् मंग तुम्ही म्हणता काही खात नाही?’ मी म्हटलं, ‘आई, एकदा चालायला लागली ना, की अ‍ॅव्हरेजला...’ त्या म्हणाल्या, ‘हो हो, तोड नाही. लाडू घ्या.’

आणि आला तो दिवस. जानेवारीचा शेवट, मुलगा झाला, सगळं सुखरूप. दोन दिवसांनी सोडणार. सासूबाई घरी थांबल्या, दारात भाकरतुकडा ओवाळायचा होता ना, त्या तव्यावर भाकरी टाकून तयार. म्हणाल्या, ‘आता काढा तो पाळणा.’ मी बेसमेंटमधून सीट काढली, धूळ पुसली, डिकीत टाकली, मुलींना बसवलं आणि हॉस्पिटलला. उणे एकतीस. राजनचा फोन, ‘व्हॅन घेऊन येऊ का?’ म्हटलं, ‘काही गरज नाही. सगळे एका गाडीत येतोय.’ किती ताठ आवाजात म्हटलं!

हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली. सुनेत्रा व्हीलचेअरवर, मांडीवर बाळ, शेजारी नर्स लिली. मी म्हटलं, दोन मिनिटं. सीट लावायला घेतली. बाळाची सीट उलटी लावायची असते, तोंड मागे. ड्रायव्हरच्या मागे ठेवली... जाईना. ड्रायव्हरची सीट जरा पुढे केली. जाईना. अजून पुढे. अजून! मग ऊर्मीची. इथे ठरावीक वजन भरेपर्यंत मूल उलटंच बसवायचं असतं, तिचं भरलेलं नव्हतं, म्हणजे तीही उलटी, आणि दोन उलट्या सीटा शेजारी शेजारी बसेनात, म्हणून मधली जागा ईशानीला दिली म्हणजे ऊर्मी गेली दुसऱ्या पुढच्या सीटच्या मागे. तीही सीट पुढे! पुढे! शेवटी तिन्ही मागे बसल्या हो, गणिताप्रमाणे, अर्धा इंच शिल्लक... आणि पुढच्या दोन्ही सीटा जाऊन डॅशबोर्डाला टेकल्या. लिली वाकून बघते आणि म्हणते, ‘सर... इज दिस युअर ओन्ली व्हेइकल?’ मी म्हटलं, ‘येस. व्हेरी गुड मायलेज.’

तिनं फक्त माझी उंची बघितली.

सुनेत्रा बसली. ती पाच फूट, तिला काही नाही, गुडघे जरा टेकले इतकंच. आता मी. आधी डोकं घातलं, पाय राहिले. बाहेर आलो. आधी पाय घातले, डोकं राहिलं. शेवटी आडवा होऊन घुसलो, एक गुडघा स्टिअरिंगच्या डावीकडे, एक उजवीकडे, हनुवटी जवळजवळ हॉर्नवर. मागून ईशानी, ‘बाबा, आर यू स्टक?’ मी म्हटलं, ‘नो बेटा, बाबा इज ड्रायव्हिंग.’ आणि निघालो. डावीकडे वळवलं की उजवा गुडघा हॉर्नवर, पॅंऽऽ! उजवीकडे वळवलं की डावा गुडघा, पॅंऽऽ! पुढचा पिकअपवाला खिडकी खाली करून, उणे एकतीसमध्ये, नको नको ते बोलला. मागच्यानं हात हलवला, त्याला वाटलं ओळखीचा आहे. एका आजीबाईंनी गाडी घाबरून बाजूला घेतली. ऊर्मी टाळ्या वाजवतेय, ‘अगेन बाबा, अगेन!’ आणि सुनेत्रा... सुनेत्रा पोट धरून हसतेय, डोळ्यांतून पाणी, ‘चारू, नको रे, हसवू नको, टाके दुखतात!’ मी कशाला हसवू? मी रस्ता बघतोय, जेवढा गुडघ्यांच्या मधून दिसतोय तेवढा!

आणि मग एका सिग्नलला थांबलो, तेव्हा ती हसता हसता थांबली. मागे वळून बघितलं. तिन्ही पोरं ओळीनं, बाळ झोपलेलं, एवढ्या हॉर्नमध्येही. आणि म्हणाली, ‘बघ चारू. सगळे एका गाडीत.’ खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांतून एक थेंब ओघळला. पुसायला हात वर नेता येईना, म्हणून तसाच राहू दिला. त्या क्षणी मला वाटलं, जगात माझ्याइतका सुखी माणूस नाही. कंबर सोडून.

कंबर गेली हो! दारात गाडी थांबली, सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या, बाळ उतरलं, सुनेत्रा उतरली, मुली उतरल्या, ओवाळून झालं, तुकडा टाकून झाला, दार लागलं... आणि मी आतच! अर्ध्या तासानं सासूबाई खिडकीतून बघून म्हणतात, ‘सुनेत्रा, जावईबापू गाडीत बसूनच हायेत. रागावले का?’ मग दोघींनी एक-एक पाय ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाला म्हणाला, महिनाभर ही गाडी चालवायची नाही. मी म्हटलं, शेजारी बसू का? त्यानं सीटची जागा हातानं दाखवायला सांगितली, मी दाखवली, तो म्हणाला, त्याहून चालवलेलं बरं.

मग काय? सुनेत्रा बरी झाली, गाडी तीच चालवते, तिला ती सीट मापाची शिवल्यासारखी बसते. शेजारी सासूबाई, त्या तर चार फूट दहा इंच, वर मांडीवर भाजीची पिशवी ठेवून म्हणतात, ‘ऐसपैस हाये जी गाडी, उगाच नावं ठेवता.’ मागे तिन्ही पोरं. आणि मी? मी बसनं. एलआरटीनं, म्हणजे इथल्या लोकल ट्रेननं. मंडळाच्या कार्यक्रमाला हे सगळे सुरेख कपडे घालून एका गाडीत जातात, ईशानी काचेतून हात हलवते, ‘बाय बाबा, सी यू देअर!’ आणि मी बर्फात, स्टॉपवर, भुवयांवर हिम घेऊन. वाईट वाटतं हो. सुनेत्रालाही वाटतं. चारदा म्हणाली, ‘चारू, व्हॅन बघू या का?’ पण पन्नास माणसांच्या देखत बोललोय ना मी! टाळ्या घेतल्यात! सासूबाई जूनमध्ये परत जातील, पण तेवढ्यानं माझे पाय मावत नाहीत. आता एकच आशा आहे, ऊर्मीचं वजन. ते भरलं की तिची सीट सरळ करता येते, म्हणजे ड्रायव्हरशेजारची सीट मागे सरकेल आणि मी मावेन. म्हणून मी रोज तिला तूप-भात भरवतो, स्वतःच्या हातानं, रोज काट्यावर उभी करतो. तिचं वजन काही हलत नाही. मीच तीन किलो वाढलो, तिचं उरलेलं खाऊन.

आणि परवा, परवाची गोष्ट, मी स्टॉपवरून घरी आलो, नाक लाल, बूट ओले, सुनेत्रा किल्ली टांगत होती, चेहरा एकदम उजळलेला. म्हणाली, ‘अरे चारू, ऐक ना, तुला आनंद होईल! तू बसेनासा झालास ना... तेव्हापासून गाडी आणखी चांगलं अ‍ॅव्हरेज देतेय.’